चकतीभोवतीचं कुंकू

विमलताई, काल मी चपला घालूनच लॅबमध्ये शिरले. तुम्ही असतात तर मान वरही न करता म्हणाला असतात, "नलू, बाहेर." मी दोन पावलं टाकली आणि आपोआप थांबले. मागे वळून दाराशी चपला काढल्या आणि मग दारातच उभी राहिले, कारण आत ओरडायला कुणी नव्हतं.

काल खंडेनवमी होती. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. शोकसभेत सगळे बोलले. प्राचार्य बोलले, स्थापत्यवाले बोलले, तुमच्याकडे नापास झालेले दोघे तर फारच छान बोलले. तुम्ही शिस्तप्रिय होतात, वक्तशीर होतात, विद्यार्थ्यांना आईसारख्या होतात म्हणे. आईसारख्या! तुमच्या तासाला उशिरा येणाऱ्या पोरांना विचारायला हवं होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले, "विमलताई" म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं, राग आला होता. एवढ्या माणसांत एकालाही कुंकवाची गोष्ट सांगावीशी वाटली नाही. बहुतेकांना ती माहीतच नव्हती म्हणा. माहीत असणाऱ्यांतली मी एक, दुसरे आपल्या लॅबचे शिपाई नाना.

आज दसरा. एरवी तुम्ही सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेला असतात आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला आला असतात. आज दारावर थाप पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही नक्की काय मोजता हे मला पहिल्यांदा कळलं ते कॉलेजात नाही, एसटीत. मी नुकतीच नोकरीला लागले होते. विमानाला हवेचा अडथळा होतो एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. तुम्ही मला सायखेड्याला तुमच्या भावाकडे घेऊन चालला होतात. खिडकीतून तुम्ही हात बाहेर काढलात आणि तळवा वाऱ्यासमोर उभा धरलात. "हे ढकलणं झालं. हे कुणालाही कळतं." मग तळवा आडवा केलात, वारा नुसता वरून सरकून जाईल असा. "आता? आता काही होत नाही असं वाटतं. पण वारा जाता जाता कातडी ओढतोच. थोडीशी. विमानाच्या अख्ख्या अंगावर ही थोडीथोडी ओढ धर आणि बघ इंजिनाची किती ताकद त्यात जाते." मीही हात बाहेर काढला. आपण दोघी बाया हात बाहेर काढून गंभीरपणे बसलेल्या पाहून कंडक्टर मागून ओरडला, "ओ म्याडम, हात आत घ्या! लय शिकलेल्या दिसताय, अन् येवढं कळत नाय व्हय?" तुम्ही हात आत घेतलात आणि सायखेडा येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होतात. तुम्हाला इतकं हसताना मी नंतर फार कमी वेळा पाहिलं.

ती थोडीशी ओढ मोजायची, हे तुम्ही हाती घेतलेलं काम. ज्यांना वाटतं हवा मोजणं म्हणजे आरामाचं काम, त्यांना मी सांगते की काट्यावर मोहरीचा दाणा ठेवा आणि काटा हलवणारे बाकी सगळे वारे, पावलं, उन्हं, पंखे बंद करून दाखवा. स्टाफरूममध्ये तुम्हाला हवावाल्या बाई म्हणायचे. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुमची काही हरकत नव्हती.

आपला विंड टनेल म्हणजे वारा सोडायचा लाकडी बोगदाच होता. शेवटी मोठा पंखा, तो हवा ओढून घ्यायचा, आणि मधल्या भागात एक गुळगुळीत धातूची पाटी. त्या पाटीत तुम्ही मोठ्या पेढ्याएवढी गोल चकती बसवली होती. पाटीशी अगदी सपाट, पण पाटीला कुठेही न टेकणारी. भोवती केसाएवढी फट. चकती खालच्या पेटीतल्या नाजूक पट्ट्यांवर उभी होती. वारा वरून सरकला की चकती कणभर पुढे ओढली जायची आणि ती ओढ तुम्ही मोजायचात. अंबडच्या कारखान्यातल्या टर्नरकडून ती चकती तुम्ही किती वेळा परत करून घेतलीत! शेवटी त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "बाई, आता ह्याच्यापुढं मशिनच्या बापाला जमणार नाय." चकतीवर तुम्ही स्टीलची वाटी उपडी घालून ठेवायचात. ती वाटी तुमच्याशिवाय कुणी उचलायची नाही, चपला बाहेर, पंखे बंद, आणि काम सकाळच्या गारव्यातच. मला सुरुवातीला हा सगळा सोवळ्याचा प्रकार वाटायचा. तसं मी एकदा म्हणालेही होते. तुम्ही म्हणालात, "सोवळं माझ्या घराण्याच्या वाट्याला दुसऱ्या बाजूनं आलंय, नलू. हे सोवळं नाही. हे काट्याला त्रास देऊ नये म्हणून." मी ओशाळले. तुम्ही लगेच चहा मागवलात, लॅबच्या बाहेर अर्थातच.

आपला वाद होता तो नळीवरून. पाटीवर एक बारीक नळी टेकवून ठेवायची, तिच्या तोंडाशी हवेचा दाब किती ते बघायचं आणि त्यावरून गणितानं ओढ काढायची, ही माझी पद्धत. सोपी, स्वस्त, जगभर चालणारी. तुम्हाला ती पटायची नाही. "तुझी नळी ऐकीव सांगते. माझी चकती स्वतः ओढली जाते." आणि खरंच, तुमच्या चकतीचा आकडा माझ्या नळीपेक्षा दर वेळी कमी यायचा. कधी जास्त नाही, कायम कमी. तुम्ही म्हणायचात, नळीचं गणितच फुगवून सांगतं. मी म्हणायचे, तुमची चकती आळशी आहे. वर्षं गेली तरी दोघींपैकी कुणी हटलं नाही. शेवटी तुमचा सगळा प्रबंध त्याच फरकावर उभा राहिला. जगभर वापरली जाणारी पद्धत ओढ फुगवून सांगते, हे नाशिकच्या एका बाईनं सिद्ध केलं, असा तो प्रबंध होता. पुण्याचे मार्गदर्शक खूश होते. टाइप झालेल्या प्रती तुमच्या कपाटात होत्या, दसरा झाला की बांधणीला जायच्या होत्या आणि दिवाळीआधी विद्यापीठात. मुदत त्यापुढे वाढणार नव्हती. आमच्या विभागात पीएचडी झालेली बाई कुणी नव्हती. तुमच्या वडिलांना दिसेनासं झालं होतं, पण पोरीच्या नावापुढे डॉक्टर लागलेलं ऐकून मी डोळे मिटीन, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आणि मग त्या वर्षीची खंडेनवमी आली.

लॅबमधली पूजा नानांची. ते सिन्नरहून पहिल्या गाडीनं यायचे, यंत्रं पुसायचे, सगळ्यांना हळदकुंकू, फुलं. तुम्ही पूजेला कधी थांबला नाहीत, पण झेंडू मात्र तुमच्याच भावाच्या शेतातला यायचा. तुम्ही टोपली नानांच्या हातात देऊन म्हणायचात, "नाना, पूजा खुशाल करा, पण माझ्या वाटीला हात लावू नका." नाना मान डोलवायचे. त्या वर्षीही डोलवली होती.

दसऱ्याची सुट्टी संपवून आपण आलो आणि तुम्ही वाटी उचललीत. चकतीच्या मधोमध कुंकवाचं बोट, वर हळद, वर एक झेंडूची पाकळी. बोट चांगलं ठसठशीत होतं आणि कुंकू भुरभुरून फटीत सगळीकडे भरलं होतं. मी नानांवर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातली पोरं दारात डोकावून गेली. नाना हात बांधून उभे.

"वाटीला हात लावू नका म्हणून बाईंनी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. पन बाई सगळ्या लॅबमंदी हिलाच येवढं जपत्यात. सगळ्या मशिनला लावलं अन् हिलाच नाय लावायचं, मनाला बरं वाटंना. ही तर देवाच्या जागी हाय." मग खाली बघत म्हणाले, "वल्या फडक्यानं पुसून घेऊ का?"

"थांबा. पुसू नका," तुम्ही म्हणालात.

तुम्ही वाकून त्या फटीकडे बघत राहिलात. बराच वेळ. मला वाटलं, ओल्या फडक्यानं कुंकू चिकटून बसेल म्हणून तुम्ही नको म्हणताय, टनेल चालू करून वाऱ्यानंच उडवून टाकणार असाल. तुम्ही पाकळी चिमटीनं उचललीत, सरळ झालात, पदर खोचलात आणि बटण दाबलंत.

चकतीवरचं कुंकू एका झटक्यात उडून गेलं. आता थांबेल असं वाटलं. पण थांबलं नाही. फटीतून लाल धूळ वर येत राहिली. खाली पेटीत पडायची सोडून वर. एका बाजूनं जास्त, दुसऱ्या बाजूनं थोडी, आणि चकतीच्या मागे पाटीवर तिचा लालसर पंखा पसरत गेला. मला कळायला क्षणभर लागलं. तुम्हाला माझ्याआधी कळलं. टनेलचा पंखा हवा ओढतो, त्यामुळे आत दाब खोलीपेक्षा जरा कमी. खालची पेटी हवाबंद असेल तर फटीतली हवा गप्प बसते. पेटीला कुठे छिद्र असेल तर खोलीतली हवा त्यातून शिरून फटीतून वर उसळते आणि चकतीवरून सरकणाऱ्या वाऱ्याला उचलून धरते. मग चकती ओढली जाते, पण कमी. दर वेळी कमी.

तुम्ही पंखा बंद केलात. पेटीच्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर तुम्ही स्वतः कापून बसवलं होतं. ते नाशिकच्या उन्हाळ्यांनी कडक होऊन एका कोपऱ्यात तडकलं होतं. तुम्ही तो तुकडा हातावर घेतलात आणि नानांना म्हणालात, "नाना, चूक माझी आहे. तुमची नाही." नानांना काही कळलं नाही, पण त्यांनी डोळे पुसले.

मग आपण मागच्या पायऱ्यांवर बसलो आणि भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही, ताई. मी म्हटलं, प्रबंध द्या. गळती सापडली हे खरं, पुढे दुरुस्ती छापा. लोक असंच करतात. तुमच्या आकड्यांवर कुणी बोट ठेवलेलं नाही. हे कुंकू तीन माणसांनी पाहिलंय, त्यातल्या एकाला ते काय आहे हे माहीत नाही, दुसरी मी. कुणाला कळणार आहे? तुम्ही शांतपणे म्हणालात, "उद्या कुणी पोरगा माझा आकडा धरून पंख बनवील. त्याला कळेल." मी म्हटलं, "आणि बाबांना काय सांगाल?" त्यावर तुम्ही पायऱ्यांवरची माती नखानं उकरत बसलात. ते मला अजून दिसतं.

प्रबंध गेला नाही. मुदत गेली. तुम्ही नवं रबर बसवलंत, सगळं पुन्हा मोजलंत आणि चकती अन् नळी एका आकड्यावर आल्या. वादात मी जिंकले होते. मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं आणि तुम्ही कागदाच्या पुडीतून चिवडा घेऊन आलात! "दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच दारात पोचलो, नलू. अजून काय पाहिजे?" तुमच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. मी शोधत होते, सापडलं नाही. पुण्याच्या सरांनी मात्र विचारलं, दोन्ही जुळतंय तर मग यात नवीन काय? त्यांचं बरोबर होतं. जुळण्यावर पदवी मिळत नाही. तुमच्या वडिलांना तुम्ही काय सांगितलंत हे मला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. विभागप्रमुखाची खुर्ची पुढे तुमच्यापेक्षा कनिष्ठ माणसाला मिळाली आणि तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी दारात चपला काढायला लावल्यात, एवढाच काय तो माझा आनंद.

नंतर दर खंडेनवमीला तुम्ही स्वतः नानांच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेऊन फटीभोवती भुरभुरायचात आणि टनेल चालू करायचात. "पूजा तुमची, तपासणी माझी," असं नानांना म्हणायचात. बाई देवाला लागल्या असं नानांनी सिन्नरभर सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक हसायचे. तुम्ही त्यांना समजावत बसत नव्हतात. कुंकू हललं नाही की नानांना पेढा द्यायचात.

मी डॉक्टर झाले ते तुमच्याच चकतीवर. रंगाचा थर दिलेल्या पृष्ठभागावर ओढ किती वाढते, हा माझा विषय. पदवी मिळाली त्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "डॉक्टर, खोकल्याचं काहीतरी द्या हो." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन वाटलं, ही हाक खरं तर माझ्याकडून तुमच्याकडे जायला हवी होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलून नळीवर गेला असतात.

शेवटच्या आजारात मी तुमच्या खाटेशी बसले होते. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तेव्हा द्यायलाच हवा होता प्रबंध." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "अगं, तू अजून त्या पायऱ्यांवरच बसलीस? ऊठ की." आणि जरा वेळानं, "रबर मी गेल्या वर्षी बदललंय. चांगलं आहे. उगाच काढू नको." तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. लोकांना त्यांची माणसं आशीर्वाद देऊन जातात.

आता कालचं सांगते.

तुमच्या भावानं यंदाही झेंडू पाठवला. टोपली बघून नाना कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. पूजा झाली आणि शेवटच्या वर्षाची संगीता माझ्यापाशी आली. तुम्ही निवडलेली पोरगी, तिचा प्रकल्प रंगाच्या थरावरचाच. चाचरत म्हणाली, "मॅडम, तुमच्या प्रबंधातला आकडा माझ्याशी जुळत नाही. माझा कमी येतोय. दर वेळी कमी."

दर वेळी कमी म्हटल्याबरोबर मला एकदम हलकं वाटलं. पेटी गळत असणार. तसं झालं तर चूक तिच्या मोजण्यात आणि माझा आकडा शाबूत. मी ताटातलं कुंकू घेतलं, वाटी उचलली, फटीभोवती भुरभुरलं आणि बटणावर बोट ठेवलं. मनात म्हणत होते, वर ये. लाल धूळ वर ये. आणि बटण दाबलं जाईना. नाना, संगीता, सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हा मला ते तुमचं वाकून बघत राहणं आठवलं. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही बटण दाबल्यावर तुम्हाला कळलं. नाही, ताई. फटीकडे बघतानाच तुम्हाला कळलं होतं की कुंकू वर आलं तर काय जाणार आहे. कपाटातल्या प्रती, बाबा, सगळं. ओलं फडकं नानांच्या हातात तयार होतं. कुणी काही म्हटलं नसतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना तुम्ही पदर खोचून बटण दाबलंत. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक जुना आकडा होता आणि माझं बोट हलत नव्हतं. मग ते कसंबसं हललं.

चकतीवरचं कुंकू उडालं. फटीतलं जागचं हललं नाही. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. तुम्ही बसवलेलं रबर घट्ट आहे, ताई. कणभरही गळत नाही.

संगीता माझ्या तोंडाकडे बघत होती. पेटी ठीक आहे म्हटल्यावर आता मी तिला पुन्हा मोजायला सांगणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं. नानांनी विचारलं, "बाई, पुसून घेऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं. आणि संगीताला म्हटलं, "उद्याची सुट्टी झाली की सकाळी लवकर ये. माझा आकडा पुन्हा मोजायचाय."

मी पायऱ्यांवरून उठले, ताई. नानांना पेढा दिला.